अर्ध्या मिनिटाची शांतता

मी माइक बोलतोय. बोलणं खरं तर माझं काम नव्हे. मी जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आलो. पण एका पोरीची हाक माझा पिच्छा सोडत नाही, म्हणून आज तोंड उघडतोय.

जर्मनीतल्या एका कारखान्यात मी जन्मलो आणि इंग्लंडमधल्या नॉर्मनच्या हाती पडलो. नॉर्मन सिनेमासाठी आवाज टिपायचा. मला लांब काठीच्या टोकाला बांधायचा, वाऱ्याची घरघर नको म्हणून अंगावर केसाळ टोपी चढवायचा आणि नटांच्या डोक्यावर धरायचा.

एका वर्षी आम्ही उत्तरेकडच्या एका मासळीच्या बंदरात होतो. बोटी बंद, गोदामांना कुलपं. सिनेमाची गोष्ट एका बंडखोर पोरीची: शाळा सोडते, स्वतःचे केस भादरते, बापाची गाडी पेटवते. दिग्दर्शक ह्यूला शिकलेली नटी नको होती. चिप्सच्या दुकानापुढे त्याला शेरिल सापडली. पंधरा वर्षांची, जाकिटाला सेफ्टी पिनांची रांग.

"काय बघतोस रे टकल्या? तिकीट काढलंयस का?" तिनं विचारलं आणि ह्यूनं तिथल्या तिथे तिला निवडलं.

मला पाहून म्हणाली, "हे मेलेलं मांजर माझ्या डोक्यावर कशाला टांगलंय?"

"तू कुजबुजलीस तरी त्याला ऐकू जातं," नॉर्मन म्हणाला.

"मग घरीच नेते. आमच्याकडे कुणाला काही ऐकूच येत नाही."

सगळे खो खो हसले. मलाही ती गंमतच वाटली.

पोर अल्पवयीन, म्हणून घरचं कुणीतरी सोबत लागायचं. तिची आई मोरीन रोज यायची आणि कोपऱ्यात विणत बसायची. बाप केव्हाच निघून गेला होता. घरात आता आईचा नवा जोडीदार रेग होता.

शेवटच्या प्रसंगात शेरिलनं सिनेमातल्या आईवर ओरडायचं होतं. लिहिलेली वाक्यं तिनं म्हटली आणि थांबलीच नाही. "रेग पिऊन आला की मी दाराला खुर्ची लावून रात्र काढते. तुला सगळं दिसतं. मग विचारत का नाहीस?"

सिनेमात रेग नावाचं कुणीच नव्हतं.

"कट! कमाल केलीस पोरी!" ह्यू ओरडला. "नाव तेवढं पुसून टाकू, बाकी असंच ठेवायचं." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला अजून किळस येते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. प्रसंग संपला की खोलीची नुसती शांतता टिपून घ्यायची. तुकडे जोडताना ती कामी येते. नॉर्मननं बोट वर केलं. अर्धं मिनिट कुणी हलायचं नाही, खोकायचंही नाही.

मला मात्र सारं ऐकू येत होतं. विणायच्या सुया थांबल्या होत्या. शेरिलचा श्वास अडखळत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "आई."

मोरीननं मान वर केली. ओठ उघडले. नॉर्मनचं बोट वरच होतं. तिनं ओठ मिटून घेतले.

"कुणीतरी बोललं," नॉर्मन म्हणाला. "पुन्हा एकदा घेऊ."

दुसऱ्या वेळी कुणीच बोललं नाही. शेरिलही नाही.

पहाटेच्या बसनं ती गाव सोडून गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. सिनेमा गाजला. पोरगी किती खरी वाटते, असं लोक म्हणाले.

आता मी म्हाताऱ्या नॉर्मनच्या कपाटात पडून असतो. मागच्या हिवाळ्यात मोरीन आली. केस पांढरे झालेले.

"तो पहिला तुकडा आहे का हो? माझ्या पोरीनं हाक मारलेला?"

"नाही बाई. खराब म्हणून तेव्हाच पुसला."

मग तिनं मला हातात घेतलं, तोंडाशी धरलं. "ऐकलं होतं गं शेरिल. तेव्हाच ऐकलं होतं. रेगला मी हाकललंय. ये घरी."

माझी वायर केव्हाच तुटली आहे. नॉर्मनला ते ठाऊक होतं, पण त्याला सांगवेना. तिचे शब्द माझ्यापाशीच अडकून पडलेत, आणि मला ते पुढे पोचवता येत नाहीत. तुम्हाला कुठे शेरिल भेटली, तर तिला एवढंच सांगा, की आईनं ओ दिली आहे.