दादाला आधीच माहीत होतं

आई भाजी निवडता निवडता कोडं घालायची, "दात आहेत पण चावत नाही, डोक्यावर चढते पण माजत नाही." धाकटी डोकं खाजवत बसायची, दादा खिडकीबाहेर बघायचा. आई 'फणी' म्हणाली की मान उडवायचा, "मला आलंच होतं." एकदा आईने उत्तर सांगण्याआधीच धाकटीने मुद्दाम त्याच्या कानात 'छत्री' असं चुकीचं उत्तर सांगून टाकलं. दादाने तेही माहीत होतं म्हणून ठोकून दिलं. वर छत्रीच्या काड्या म्हणजेच दात, हे तिला समजावूनही दिलं.

आता तोच दादा मिशीत पांढरे केस घेऊन पेटंट कार्यालयात धाकटीच्या विरुद्ध साक्षीला बसला होता.

धाकटी इंधन घटांचे इलेक्ट्रोड करायची. हायड्रोजनपासून वीज काढायची तर पातळ पडद्यावर प्लॅटिनमची काळी शाई पसरून वाळवावी लागते, आणि वाळताना ती आटलेल्या तळ्यासारखी तडकते. सगळे जण हवा अधिक गरम, अधिक जोरात सोडून बघत होते. धाकटीने शाईवर झाकण घातलं, तिला तिच्याच वाफेत सावकाश निजू दिलं. थर उठला तो दुधावरच्या सायीसारखा, अखंड. त्या पेटंटवर तिची चिमुकली कार्यशाळा उभी होती. दादाच्या बड्या कंपनीचं म्हणणं, हे कुणाही जाणकाराला सहज सुचलं असतं, पेटंट रद्द करा. रद्द झालं की कार्यशाळेला कुलूप.

दादा छान बोलला. झाकण ही तर उघड गोष्ट, म्हणाला. धाकटीला वाईट याचंच वाटलं, की तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

ती आपल्या वकीलबाईंच्या कानाशी लागली. वकीलबाईंच्या भुवया वर गेल्या, मग त्या उलटतपासणीला उठल्या. धाकटीने आणखी एक रीत करून पाहिली आहे, त्यांनी सांगितलं. ओली शाई आधी बर्फगार करायची, मग एकदम तापवायची. हेही उघडच का?

"अर्थात," दादा म्हणाला. गारठ्याने शाईचे कण घट्ट बिलगतात, मग उष्णता त्यांना सुटूच देत नाही, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल, असं त्याने हात हलवत सविस्तर सांगितलं.

वकीलबाईंनी एक डबी सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे उघडली. आत त्या रीतीने वाळवलेला थर होता. म्हणजे काळा भुगा.

अधिकारी भुग्याकडे बघत राहिले, मग दादाकडे. "उत्तर चुकीचं असलं तरी तुम्हाला ते आधी माहीत असतं," ते शांतपणे म्हणाले, "मग बरोबर उत्तराबद्दलची तुमची साक्ष मी ग्राह्य कशी धरू?"

दुपारी निकाल आला. पेटंट टिकलं.

दादा बाहेर पायरीवर उभा होता. तिला बघून त्याने घसा खाकरला.

"तू असलं काहीतरी करणार, हे मला माहीतच होतं."

"छत्री," धाकटी म्हणाली.

दादाचे खांदे हलायला लागले, आणि हसता हसता त्याने तिच्या हातातली भुग्याची डबी मागून घेतली. ती घरी दाखवायची होती म्हणे, आईला.