मुक्कामी गाडी

हिंगणवाडीच्या पुढे रस्ता नाही. पुढे ज्वारी, माळ आणि वारा. म्हणून बार्शीची संध्याकाळची एसटी तिथेच मुक्कामाला थांबायची आणि सकाळी पोरांना घेऊन परत जायची. त्या गाडीनेच ईरम्माची नात शिवलीला बार्शीला कॉलेजात जात होती. तिच्या बापाने, महेश्वरने, सांगूनच ठेवलं होतं, "ज्या दिवशी गाडी बंद, त्या दिवशी कालेज बंद."

ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण गावाकडे, रोज एका घराची पाळी. नवा ड्रायव्हर आरिफ पहिल्यांदा आला त्या दिवशी पाळी ईरम्माची होती. हातपाय धुवायच्या आधीच तो वैतागला, "डास हे एवढे, मोबाईलला रेंज न्हाय! डेपोत सांगतो, हितला मुक्कामच बंद करा."

कोंडीबा कंडक्टरने हे ईरम्माच्या कानावर घातलं, आणि तिने गावाच्या. झालं! जावयाला नसेल असा थाट उडाला. ईरम्माने गव्हाची गोड हुग्गी केली, शेजारणीने शेंगापोळ्या आणल्या, कुणी धपाटे, कुणी भजी. पोरगं संस्कारी, नको म्हणता येईना.

"आज्जी, बास."

"एवढी एक खा की रं, माजी शपत हाय!"

सकाळी गाडी जागेवर आणि आरिफ टमरेल घेऊन ओढ्याकडे. एकदा गेला, परत आला, परत गेला. दप्तरं घेतलेली पोरं रांगेत ताटकळली. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते हे असं!

"झालं कालेज," महेश्वर म्हणाला. शिवलीलेचे डोळे भरून आले.

"तू गप बस!" ईरम्मा लेकावर खेकसली. खरं तर तिला स्वतःचाच राग आला होता. पोराला खाऊ घालून घालून आडवं केलं की आपण! तिने मऊ भात शिजवला, दही कालवलं, आरिफला समोर बसवून चार घास खायला लावले. तासाभराने त्याच्या तोंडावर तरतरी आली. उरलेला भात तिने आपलं नाव घातलेल्या स्टीलच्या डब्यात भरून दिला.

"माज्या म्हायेरचा डबा हाय बाबा. आठवणीनं परत आण."

गाडी गेली. दिवसभर ईरम्माचं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी अख्खं गाव पारावर जमलं. नेहमीची वेळ टळून गेली.

"डबा बी गेला आन् गाडी बी," महेश्वर म्हणाला.

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. आधी शिवलीला उतरली, ती हसतच. तिच्यामागून आरिफ. त्याच्या हातातला डबा चांगलाच जड होता.

"माज्या बायकोनं, शाइस्तानं, शेवया दिल्यात, आज्जी. म्हणाली, आजारी माणसाला भात घालणाऱ्या घराचा डबा रिकामा द्यायचा न्हाय."

ईरम्माने पदर डोळ्यांना लावला. मग धीर करून विचारलं, "आन् डेपोत काय सांगितलंस?"

"सांगितलं की, मुक्काम मलाच द्या. पण आज्जी, जेवण एकाच घरचं हां!"

गाव खदखदून हसलं. ईरम्मा तरातरा घरात गेली, शेवया पातेल्यात ओतून घेतल्या, डबा धुऊन पुसला आणि शेंगाचटणीची बरणी उघडली. आता हा रिकामा कसा धाडायचा?

महेश्वर दारात येऊन उभा राहिला.

"दाबून भर, आई," तो म्हणाला.