बाबा, जरा पाठ फिरवा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर बाबांनी माझ्या वहिनीची हनुवटी वर केली, आपला चेहरा तिच्यासमोर उजेडात आणला आणि सावकाश विचारलं, "मुली, बाळ कुठंय तुझं?"

"घरी झोपलंय," वहिनी म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "कान मी उघडत नाही, तुमचा विश्वास उघडतो," बाबा म्हणाले. दर आठवड्याला हेच वाक्य, आणि पुरावा म्हणून आमचीच वहिनी.

वहिनीला लहानपणापासून जवळजवळ ऐकू येत नाही. नुसतं पाहून कुणाला कळायचंही नाही. आम्ही दोघी यंत्रमागावर काम करतो. तिथल्या खडखडाटात कान असून नसल्यासारखेच, म्हणून सगळ्याच जणी ओठांवरून बोलणं ओळखतात. वहिनी त्यात आम्हा सगळ्यांची गुरू. एरवी तिचं कानातल्या मशीनवर भागायचं. ते बाबांनी पहिल्याच दिवशी काढायला लावलं. पुन्हा लावलं तर गुण जाईल म्हणे. दादानं ते कपाटात कुलूपबंद केलं.

'बरी' झाल्यापासून तिचे हाल सुरू झाले. पूर्वी घरातले निदान समोर येऊन बोलायचे. आता आई स्वयंपाकघरातून हाका मारायची आणि उत्तर आलं नाही की म्हणायची, "ऐकू येतंय सगळं, माज आलाय नुसता." परवा बाळ आतल्या खोलीत पलंगावरून पडलं आणि रडून रडून काळंनिळं झालं. वहिनी इकडे पाठमोरी भाजी चिरत होती. दादा म्हणाला, "कसली आई आहेस तू?" मला ऐकू येत नाही, असं तिनं परोपरीनं सांगितलं. दोघांचं उत्तर एकच, विश्वास कमी पडतोय. मी भांडले, तर मलाही गप्प केलं. तिनं उत्तर दिलं तर बाबांचा चमत्कार, नाही दिलं तर तिचा दोष. माझा जीव तिच्यासाठी तुटत होता.

आज व्यासपीठावरून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता ओठ हलवले, "मला सोडव गं यातून." सभागृहात ते फक्त आम्हा मागावरच्या बायकांना कळलं.

मी सरळ वर गेले. "बाबा, एकदा तिच्या मागे उभं राहून विचारा."

"आशीर्वाद पाठीमागून देत नसतात, ताई."

"मग समोरूनच द्या. फक्त तोंडापुढे हा रुमाल धरा."

"धरा की, काय बिघडतंय?" आमच्या बायका मागून म्हणाल्या. मग इतरांनीही तेच लावून धरलं. आता बाबांची सुटका नव्हती. रुमालाआडून त्यांनी विचारलं, "बाळाचं नाव काय?" शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. वहिनी रुमालाकडे बघत राहिली.

मग ती लोकांकडे वळली. "मला ऐकू येत नाही. मी ओठ बघून ओळखते. माझं बाळ रडलं तरी मला कळत नाही. माझं मशीन परत द्या."

आमच्या बायका वर येऊन तिच्याभोवती उभ्या राहिल्या. दादानं मान वर केली नाही. घरी पोचल्यावर त्यानं आधी कपाट उघडलं.

आई अजून धुसफुसतेच. पण आता वहिनीच्या समोर येऊन धुसफुसते, म्हणजे तिला कळतं तरी.

माझं सांगणं इतकंच. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या समोर येऊन बोला. आणि जो चमत्कार दाखवतो, त्याला एकदा पाठ फिरवायला सांगा.