रमजानच्या पिशवीतली साखर

सनिय्याचं तोंड म्हणजे तिखटाचा डबा. पण कुणाचं अडलं की अख्ख्या गल्लीला तीच लागायची. म्हणून धाकटी बहीण अवातिफ पोलीस ठाण्यात जाताना तिलाच घेऊन गेली.

अवातिफच्या लेकीचं, इबतिसामचं, लग्न ईदनंतर ठरलं होतं. फ्रिज मुलीकडच्यांनी द्यायचा. नाही दिला तर सासरचे लग्न मोडायला मोकळे. फ्रिजसाठी साठवलेले पौंड अवातिफच्या मोबाइलच्या खात्यात होते. एका पोराचा फोन आला, खातं बंद पडतंय म्हणाला. हिनं मेसेजमध्ये आलेला आकडा त्याला वाचून दाखवला, आणि सगळे पैसे गेले.

"सांगितलासच कशाला गं, भवाने?" सनिय्यानं विचारलं.

"फार अदबीनं बोलत होता, ताई. शिकलेला वाटला."

"शिकलेलाच असणार. आमचा पोरगा हुसाम कॉलेज करून रिक्षा ओढतोय. नोकरी नाही की मग एकेक असले निघतात, गोड बोलून गळा कापणारे."

फौजदारानं जांभई देत त्या पोराचा नंबर लिहून घेतला. असल्या तक्रारींचा ढीग पडलाय आणि बघायला आम्ही दोघं, असं त्यानं आधीच सांगून टाकलं.

"तुम्ही नुसतं नाव सांगा, साहेब," सनिय्या म्हणाली. "ज्याच्या नावावर हा नंबर आहे त्याचं वाटोळं होवो. त्याच्या हातात किडे पडोत. पोरीच्या लग्नाचा पैसा खाल्लाय मेल्यानं."

फौजदारानं नंबर संगणकात टाकून पडद्याकडं पाहिलं, मग सनिय्यानं टेबलावर ठेवलेलं तिचं ओळखपत्राचं कार्ड उचललं. "सनिय्या अब्दुल-मौजूद शलबी. तुम्हीच ना?"

सनिय्याला एकदम ती साखरेची पिशवी आठवली. रमजानात कालव्याच्या पुलाशी एक पोरगा टेबल मांडून बसला होता. तेल, तांदूळ, साखर. कार्डाचा फोटो काढायचा, खाली कागदावर एक सही, आणि दर कार्डामागे एक पिशवी. रमजानात दान देणाऱ्याला कुठून आणलंस म्हणून विचारायची कुणाची छाती? तिनं तर हाका मारून गल्ली गोळा केली होती. ज्यांना रांगेत उभं राहवेना, त्यांची कार्डं स्वतः नेली, सह्याही स्वतःच ठोकल्या. सगळ्यांनी दुवा दिला होता.

"नंबर तुमच्या नावावर, तुमच्याच कार्डाच्या फोटोवर आणि सहीवर काढलेला; वापरणारा कुठं बसलाय देव जाणे," फौजदार म्हणाला. "तुमच्या गल्लीतल्या अशा तिसऱ्या तुम्ही."

आपलेच शाप सनिय्याच्या कानात घुमत होते. फ्रिज गेला तो आपल्या नावावर गेला, आता बहिणीला तोंड कसं दाखवायचं?

अवातिफ मात्र रागावली नाही. तिनं पाकिटातून आपलं कार्ड बाहेर काढलं होतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी माझे गुडघे धरले होते. माझं कार्डही तूच नेलं होतंस ना?"

फौजदारानं हात पुढं केला. "द्या इकडं. बघू, तुमच्या नावावरच्या नंबरामुळं कोण रडतंय."

अवातिफनं कार्ड मुठीत घट्ट धरून ठेवलं.