पन्नासाचा गठ्ठा

हेडक्लार्क बाईंनी सरकारी पत्राला दोनच शब्दांत उत्तर दिलं होतं: गरज नाही. मतपत्रिकांची मोजणी सुधारायला अनुदान हवंय का, असं सगळ्या नगरपालिकांना विचारलं होतं. चांगले दिवे, मोठी टेबलं, प्रत्येक गठ्ठा दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायची सोय, आणि त्याचं प्रशिक्षण.

बाईंनी नकार दिला तो मास्तरांसाठी. मास्तर म्हणजे रेकॉर्ड विभागातले जुने कारकून. गेल्या सहा निवडणुकांची मोजणी त्यांच्याच देखरेखीखाली झाली होती. पत्र वाचून ते म्हणाले, "माझ्यामागे आता दुसरा मोजणार? मग मी कशाला हवा?" ते बाईंच्या मनाला लागलं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा फाईल कशी बांधायची इथपासून सगळं मास्तरांनीच शिकवलं होतं.

पण हल्ली मास्तर कागद खिडकीशी नेऊन वाचतात, हेही बाईंनी पाहिलं होतं.

त्यानंतरच्या निवडणुकीच्या मोजणीत एका प्रभागातली उमेदवार शिक्षिका एकतीस मतांनी पडली. तिने फेरमोजणी मागितली, तेव्हा तिच्या मतांचा पन्नासाचा एक गठ्ठा समोरच्या उमेदवाराच्या ढिगात निघाला. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर तपासल्याची सही मास्तरांची.

निकाल फिरला, शिक्षिका निवडून आली. पण मास्तरांनी पैसे खाल्ले, असं गावभर झालं. चौकशीत काही निघालं नाही, तरी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

बाई भेटायला गेल्या. मास्तरांच्या बायकोने पाणी ठेवलं आणि ती आत गेली.

"मला नीट दिसत नाही, हे तुला माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"होतं."

"मग अनुदान मागायचं होतंस ना. मी चार दिवस तोंड फुगवून बसलो असतो, एवढंच."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

"आणि आता बरं वाटतंय?"

बाई पाणी न पिताच उठल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज पाठवला. अनुदान आलं. पुढच्या मोजणीला प्रत्येक टेबलावर लख्ख उजेड होता आणि माणसं जोडीने मोजत होती. दोन गठ्ठे चुकले, ते जागच्या जागी सापडले. कुणाचं नावसुद्धा निघालं नाही.

बाईंनी मास्तरांना फोन लावला. बायकोने उचलला.

"बाहेर बसलेत," ती म्हणाली. "तुमचा फोन आहे म्हणून सांगितलं. नको म्हणाले."