तळघरातली जागा

सॅक्रामेंटोच्या सरकारी कचेरीत तळघरात गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीबच उघडणं. रुजू होताच यादीत नाव घालायचं आणि जागा असलेलं कुणी निवृत्त होईपर्यंत किंवा मरेपर्यंत वाट बघायची. तोवर बसचा पास. त्याचे अर्धे पैसे सरकार भरतं आणि वर उपकार केल्यासारखं बोलून दाखवतं.

लायलचा नंबर आता पहिला होता. शेजारच्या टेबलावरच्या रूबेनची गाडी तळघरात असायची; त्याला तो रोज छळायचा.

"अजून किती जगणार आहेस रे? माझी जागा अडवून बसलायस."

"तुला पोहोचवूनच जाईन," रूबेन म्हणायचा. "पळ म्हाताऱ्या, बस सुटेल."

चेष्टा खरी, तशी गरजही खरी होती. लायलची बायको नॉर्मा शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात होती. तिचीही सारी नोकरी याच कचेरीत गेली, पण आता तिला फारसं काही आठवत नसे. दोन बस बदलून लायल पोहोचायचा तेव्हा ती औषधाने झोपलेली असायची. कचेरीबाहेर पैसे भरून गाडी लावणं त्याच्या पगारात बसत नव्हतं.

मार्चमध्ये रूबेन अचानक गेला. कॉफी करता करता कोसळला, तो उठलाच नाही. दफन झालं आणि त्याच आठवड्यात पार्किंगच्या बाईंचा फोन आला.

"अभिनंदन, लायल! एक जागा मोकळी झालीय. हवी ना?"

कुणाची, हे त्याने विचारलं नाही. नको म्हणावं असं फार वाटलं. पण आपण नको म्हटलं तर ती यादीतल्या पुढच्याला जाईल, रूबेन थोडाच परत येणार? तो हो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

सोमवारी तो गाडीने नॉर्माकडे गेला. बाहेर अजून ऊन होतं. ती जागी होती, सूप पीत होती. तिने त्याला ओळखलं. किती दिवसांनी! त्याच्या हातातल्या किल्ल्यांकडे बघून ती हसली.

"इतक्या लवकर? खाली जागा मिळाली वाटतं!" मग तिचा चेहरा उतरला. "कोण गेलं रे?"

"रूबेन," तो कसाबसा म्हणाला. "निवृत्त झाला."

"बरं झालं. फार दमला होता बिचारा. रविवारी जेवायला बोलाव त्याला."

"बोलावतो," लायल म्हणाला आणि तिला सूप भरवू लागला. मान खाली होती, डोळे वाहत होते; पुसले तर तिला कळेल म्हणून त्याने ते पुसले नाहीत.