निम्म्या गुणांची शर्यत

भिंगरीने छातीने फीत तोडली तेव्हा दुसऱ्या नंबरची मुलगी अजून वळणावरच होती. पिवळ्या हाऊसच्या पोरांनी आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं. घरात, वर्गात, गल्लीत कुठेच एका जागी टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. शिक्षकांनाही तिचं खरं नाव हजेरीपुरतंच आठवायचं. नववीपासूनच हाऊसच्या स्पर्धांत उतरता येई, त्यामुळे ही तिची पहिलीच शर्यत.

धापा टाकत ती फळ्यापाशी गेली. थोड्या वेळापूर्वी मुलांमध्ये हीच शर्यत तिच्या दादाने जिंकली होती. तो दहावीत, निळ्या हाऊसचा कॅप्टन. निळ्याच्या खाली क्रीडासरांनी दहा गुण लिहिले होते. आता पिवळ्याच्या खाली त्यांनी पाच लिहिले.

"सर, चुकलं. माझा पहिला नंबर आलाय."

"माहीत आहे की. मुलींच्या शर्यतीला निम्मे गुण. नियम आहे तसा."

"का पण?"

सरांनी हातावरचा खडू झटकला. "मुलींमध्ये चुरस कुठे असते? मुलं एकेका हाऊसमधून सहा-सहा धावतात. तुम्ही दोन-दोन."

"दोनच मुली घ्यायच्या हाही तुमचाच नियम ना? आमच्याकडे तर रांग लागली होती. तुम्हीच बाकीच्यांना परत पाठवलंत."

"सगळ्यांना पळवत बसलो तर दिवस पुरायचा नाही."

"म्हणजे दार तुम्हीच लावायचं, आणि वर म्हणायचं की आत कुणी येत नाही!"

"ए, जास्त शहाणपणा नको. पाणी पी जा."

घरी आल्यावर तिने दप्तर असं आपटलं की डबा आतल्या आत खणाणला. आई नुकतीच दवाखान्यातून आली होती. दिवसभर लोकांचे एक्स-रे काढून तिचे पाय भरून यायचे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे गं. पहिली आलीस ना? मग झालं तर."

"झालं काय? दादा तेवढंच पळाला ना? त्याचं मैदान मोठं होतं का?"

दादा जेवता जेवता हसला. "तुझं निम्मंच वजन आहे, म्हणून निम्मे गुण."

तिने ताट सरकवलं आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत शिरली. बाई सह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नियम सगळ्या हाऊसना सारखेच आहेत, बाळ. तुमच्या मुलींना निम्मे, तसे निळ्याच्याही मुलींना निम्मेच. अन्याय कुठे झाला?"

हे इतकं गुळगुळीत होतं की भिंगरीला बोट ठेवायला जागाच सापडेना. बाहेर आल्यावर मात्र सुचलं, आणि तेव्हा न सुचल्याबद्दल ती स्वतःवरच चिडली. सगळ्यांच्या पायात सारखाच काटा रुतवला म्हणजे काटा बोचायचा थांबतो का?

व्हरांड्यात भाषेच्या बाई भेटल्या. पिवळं हाऊस त्यांच्याकडे होतं. त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि कारण विचारलं. मग म्हणाल्या, "परवा वक्तृत्व आहे. 'खेळ आणि शिस्त' हा विषय. आपली एक जागा रिकामी आहे. उभी राहतेस?"

"मला भाषण येत नाही, बाई."

"आत्ता मला सांगितलंस ना, तसंच सांग."

भिंगरी व्यासपीठावर चढली. समोर सगळी शाळा. पहिल्या रांगेत परीक्षक आणि वेळ बघायला घंटी घेऊन क्रीडासर. सुरुवातीची वाक्यं ती पार विसरली. मग तिची नजर त्या घंटीवर गेली आणि तिला एकदम कंठ फुटला.

"शिस्त म्हणजे नियम पाळणं, असं आम्हाला शिकवतात. मी पाळले. शिट्टी झाल्यावर सुटले, माझी रेघ सोडली नाही, कुणाला ढकललं नाही. नियम पाळून पहिली आले आणि नियमानेच मला निम्मं केलं. आज इथे मी बोलले तर पूर्ण गुण मिळतील. मग माझी जीभ पूर्ण आणि पाय निम्मे, असं आहे का?"

मागच्या बाकांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि घंटी वाजली. शेवटची घंटी.

"सर, अजून वेळ आहे," भाषेच्या बाई उठून म्हणाल्या.

"संपला," क्रीडासर म्हणाले. घड्याळ त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

परीक्षकांनी विषयांतर म्हणून तिला शून्य दिलं. खेळ आणि शिस्त या विषयावर खेळाबद्दल आणि शिस्तीबद्दल बोलल्याचं शून्य! भाषेच्या बाई शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ भांडल्या, पण निकाल हलला नाही.

आता राहिली होती शेवटच्या दिवसाची लांब शर्यत. मैदानाला दोन फेऱ्या. मधल्या सुट्टीत भिंगरी धावणाऱ्या मुलींना एकेक करून गाठत सुटली. "निम्मे गुण देतात ना? मग निम्मंच पळायचं. एक फेरी झाली की रेघेवर खाली बसायचं." लाल हाऊसच्या दोघी लगेच तयार झाल्या. हिरव्याच्या आढेवेढे घेत झाल्या. प्रश्न निळ्याच्या शिडीचा होता. ती उंचच उंच, म्हणून शिडी; दहावीतली. तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष. भिंगरी थांबली तर ती हमखास जिंकणार होती.

"बघू," शिडी एवढंच म्हणाली.

शर्यतीला पालक आले होते. आईही सुट्टी काढून आली होती. शिट्टी झाली. भिंगरीने ठरवलं होतं की निम्मं पळायचं तर तेही जीव तोडून. वळणावर शिडी तिच्या खांद्याला खांदा लावून होती. दोघींचे श्वास एकमेकींना ऐकू येत होते. रेघ आली आणि भिंगरी मटकन खाली बसली. मागून येणाऱ्या एकेक बसत गेल्या.

शिडी पुढे निघून गेली.

"थांबू नकोस! पळ!" मैदानाच्या कडेने कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं. तो दादा होता.

शिडीने त्याच्याकडे पाहिलं. मग मागे वळून बसलेल्या मुलींकडे पाहिलं. तिची पावलं मंदावली. ती परत चालत आली आणि भिंगरीच्या शेजारी पाय पसरून बसली. तिचे डोळे भरले होते.

"माझी शेवटची शर्यत होती गं," ती म्हणाली. आपण हिच्याकडून काय मागितलं, ते तिला आत्ता कळलं.

"उठा! काय तमाशा लावलाय!" क्रीडासर धावत आले.

"सर, निम्म्या गुणांची शर्यत संपली," लाल हाऊसची मुलगी म्हणाली. मैदानावर हशा पिकला. मग कुठल्यातरी पालकाने विचारलं, "निम्मे म्हणजे?" आणि तो प्रश्न खुर्च्यांच्या रांगांतून पसरत गेला.

मुख्याध्यापिकाबाईंनी आईला खोलीत बोलावलं. "तुमच्या मुलीने पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू घालवली."

आई 'जाऊ दे' म्हणेल, असं दारात उभ्या भिंगरीला वाटलं. पण आई म्हणाली, "बाई, माझी दोन्ही पोरं याच शाळेत आहेत. मुलीची फी तुम्ही निम्मी घेत नाही."

शर्यत रद्द झाली. सगळ्यात जास्त गुणांची ढाल निळ्या हाऊसला मिळाली. मुलींचे गुण पूर्ण धरले असते तर ती पिवळ्याला मिळाली असती, हे लहान वर्गातल्या पोरांनीही बोटांवर मोजून काढलं होतं. दादा ढाल घेऊन घरी आला आणि कुठे ठेवावी ते त्याला समजेना. "मी कॅप्टन होतो. ओरडणं माझं काम होतं," तो म्हणाला. भिंगरी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही.

पुढच्या वर्षी प्रार्थनेनंतर क्रीडासरांनी माइक हातात घेतला. "मुलींना प्रोत्साहन म्हणून यंदापासून त्यांच्या स्पर्धांना पूर्ण गुण द्यायचं शाळेने ठरवलं आहे." टाळ्या झाल्या. सरांनी त्या हसतमुखाने स्वीकारल्या, जणू स्वतःच्या ताटातलं काढून देत होते.

प्रोत्साहन! भिंगरीची कानशिलं तापली. ती रांगेतून बाहेर आली.

"सर, आणि दोनच मुलींचा नियम?"

"तो आहे तसाच आहे. रांगेत जा."

ती गेली नाही.